मंदारची सिस्टीम आणि लेले बाई

विषय निघाला बापूंच्या पुतणीवरून. तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजची टेनिस स्कॉलरशिप मिळाली आहे आणि बापूंना एकच घोर लागलाय, तिथला कोच कसा असेल.

"कोच कसाही असू दे," मंदार बोट वर करून म्हणाला. "तिकडे सिस्टीम असते. स्टॅनफर्ड बघा. फ्रँक ब्रेनन कोच असताना बायकांच्या टेनिस टीमची दहा एनसीएए टायटलं, म्हणजे तिथल्या कॉलेजांची नॅशनल चॅम्पियनशिप. तो २००० साली रिटायर झाला, हाताखालची बाई वर आली, तिचीही दहा. उद्या मला बसवलंत तरी दहा येतील."

"त्या बाईला नाव आहे. लेले फोरूड," मेघना म्हणाली.

"लेले? आपल्या सदाशिवातली का?" बापूंनी विचारलं. मग पाच मिनिटं टेनिस बाजूला आणि लेल्यांची वंशावळ सुरू. बापूंच्या शेजारच्या लेल्यांनी गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या टाकीवरून केलेलं भांडणही त्यात येऊन गेलं.

मेघना युनिव्हर्सिटीकडून खेळलेली आहे, त्यामुळे ती विषय सोडत नाही. "मंदार, २०१३ ला स्टॅनफर्डला बारावं सीडिंग होतं, २०१६ ला पंधरावं. दोन्ही फायनल ४-३ नं काढल्या. तुझी सिस्टीम एवढी भारी, तर बाराव्या नंबरला गेलीच कशी? आणि तिथून वर आणलं कोणी?"

"२०११ बरं विसरलीस! घरच्या कोर्टवर सलग १८४ मॅचेस जिंकल्या, आणि नेमकी फायनल फ्लोरिडाला घालवली. स्टॅनफर्डची पोरगी शेवटच्या मॅचच्या तिसऱ्या सेटला ४-० पुढे होती. कोच काय करत होती?"

"म्हणजे १८४ जिंकल्या त्या सिस्टीमनं आणि १८५वी हरली ती बाई?"

मंदारनं चहा ढवळायला घेतला. चहा कटिंग होता, साखर आधीच घातलेली.

मिलिंदनं तेवढ्यात आपल्या टेनिसपटू ऋतुजा भोसलेचा विषय काढला. २०१३ च्या फायनलला स्टॅनफर्डनं हरवलं होतं टेक्सास ए अँड एमला, आणि आपली ऋतुजा पुढे त्याच कॉलेजकडून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं तिनं. बापूंचा चेहरा जरा खुलला.

पण मेघनाची खरी चीड वेगळीच होती. १९७२ ला टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात मुलामुलींत भेदभाव नको असं सांगणारा अमेरिकेतला कायदा, आला तेव्हा तिथल्या मुलींच्या कॉलेज टीम्सना कोचिंग देणाऱ्यांत नव्वद टक्क्यांवर बायकाच होत्या. कायद्यानं मुलींच्या खेळाला पैसा आणला. मग त्या नोकऱ्यांना किंमत आली, पगार वाढले आणि पुरुष आले. आज कोच बायका निम्म्याही नाहीत. "फुकटात राबायचं होतं तोवर काम बाईचं. लेले फोरूड सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डकडूनच खेळली, प्रो झाली, परत येऊन ब्रेननच्या हाताखाली वर्षानुवर्षं असिस्टंट राहिली. आणि तू तिला 'हाताखालची बाई' म्हणतोस?"

ती हे बोलताना कट्टा गप्प होता, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. आमच्या वेळी मेघनाच्या कॉलेजात मुलींच्या टीमबरोबर मॅनेजर म्हणून जायचे ते कॉमर्सचे एक सर. टायब्रेक म्हणजे चहाची सुट्टी असं त्यांना वाटायचं. मेघना स्वतः सकाळी सहाला ज्युनिअर मुलींना सर्व्हिस शिकवायची, बॉलच्या कुरिअरचे पैसे स्वतः भरायची. सर्टिफिकेटवर 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं नाव. ती आजही कोचिंग करत असती तर ह्या शहरात चार तरी पोरी पुढे गेल्या असत्या, असं मी शपथेवर सांगेन.

"मला एक कळत नाही," मंदार हळूच म्हणाला. "तू त्या लेलेची एवढी बाजू घेतेस, मी इतकी वर्षं मित्र आहे, माझी कधी घेतली नाहीस."

"तू माझं रॅकेट नेलंस, तार तोडून आणलंस. गटिंगचे, म्हणजे नवीन तार घालायचे, पैसे दिलेस?"

"ते गट आधीच जुनं होतं!"

"सिस्टीम खराब होती म्हण ना," मिलिंद म्हणाला. बापू एवढे हसले की चहा नाकात गेला, आणि पाठीवर थोपटायला पहिला मंदारच उठला. बिल कोणी द्यायचं यावर नवीन भांडण लागलं. गटिंगचे पैसे त्यातच वळते करून घ्या, असं मेघनानं टपरीवाल्याला सांगून टाकलं.