पुन्हा दीड किलो!

आज सकाळी काट्यावर उभी राहिले आणि डोळ्यांत पाणीच आलं. पुन्हा दीड किलो जास्त! गेले 8 महिने रोज पहाटे पर्वती चढतेय. पाऊस असो, थंडी असो, त्या 103 पायऱ्या चुकवल्या नाहीत. जेवण म्हणाल तर दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि रात्री एक भाकरी. मग हे वजन येतं कुठून?

आणि वर लोकांचे सल्ले! "भात बंद कर", "येता-जाता काहीतरी तोंडात टाकत असशील." अहो, माझ्या ताटात काय आहे ते तुम्हाला जास्त माहीत का?

थायरॉईड निघालं तेव्हा कळलं, ही ग्रंथी मंदावली की शरीर ऊर्जाच कमी जाळतं, अंगात मीठ-पाणी साठतं. माझी अंगठी बोटात अशी रुतली होती की साबण लावूनही निघेना. आता रोज उपाशीपोटी गोळी, मग निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. थायरॉईडच्या रक्ततपासणीतलं टीएसएच ताळ्यावर आलं, काटा मात्र मागे सरकत नाही. डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकतात, "नॉर्मल आहे, व्यायाम वाढवा." अजून किती वाढवू? गुडघे बोलायला लागलेत!

परवा भाचीच्या लग्नासाठी पैठणीवरचं ब्लाउज काढलं. आतली सगळी माया आधीच उसवून झालीय, तरी शेवटचे दोन हूक लागेनात. श्वास रोखून आरशासमोर उभी होते आणि असा संताप आला! खाऊन वाढलं असतं तर एक वेळ कबूल केलं असतं.