“पेपर नको, माणूस द्या” : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

श्वसनरोग आणि नर्सिंगमधल्या संशोधनावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दारव्ह्याजवळच्या तुमच्या गावात उपकेंद्राला बहुतेक वेळा कुलूप असतं, सिस्टरचं पद रिकामं आहे, आईला कित्येक वर्षांपासून दमा आहे, आणि मी मात्र परदेशातले अभ्यास सांगत बसते. “कोरोनात सिस्टरनी जीव धोक्यात घालून सेवा केली. त्यावर पेपर छापणं ही प्रमोशनची सोय. आम्हाला पेपर नको, माणूस द्या,” असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तुमच्यासारखंच मत असलेले बरेच जण भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पद भरलं पाहिजे, यात आपलं दुमत नाही. मला पटत नाही ते एवढंच, की माणूस आणि पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, यांतलं एकच काहीतरी मागायचं. मी ग्रामीण रुग्णालयात वॉर्ड सांभाळलाय, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. जिथे दोन हातांवर सगळं चालतं, तिथे कशाने जीव वाचतो आणि कशात नुसते हात अडकून पडतात, हे आधी कळायला हवं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात चार गोष्टी जास्तीच्या केल्या तरी निभतं, आपल्याकडे निभत नाही.

कोरोनाचंच बघा. २०२१च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला आणि दुसरी लाट विदर्भभर पसरली. तेव्हा गावोगावी काय चाललं होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. ताप आला, दुसऱ्याच दिवशी ‘डेक्सा’चं, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन. हेच औषध कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, ते इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ अभ्यासातून जून २०२०मध्येच समोर आलं होतं. सहा हजारांवर पेशंटचा तो अभ्यास. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काही फायदा झाला नाही, उलट अपाय होण्याचीच शक्यता दिसली. म्हणजे घरी चालत-बोलत असलेल्या तापाच्या माणसाला ते टोचायचं कारणच नव्हतं. त्यातून साखर वाढली, आणि ज्यांचा मधुमेह आधीच हाताबाहेर होता त्यांच्यातल्या काहींना पुढे म्युकरने (काळ्या बुरशीने) गाठलं.

आता ऑक्सिजन लागतो की नाही, हे ठरवलं कोणी? बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावणाऱ्या सिस्टरने आणि आशाताईने. बोट गार असेल तर चोळून गरम करायचं, नेलपॉलिश पुसायचं, हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं आणि मग लिहायचं. घाईत पहिलाच आकडा लिहिला तर पुढचा सगळा निर्णय चुकतो. तुम्ही ज्याला सेवा म्हणता ती हीच, आणि तो अभ्यास उभा राहिला तोही वॉर्डातल्या अशाच नोंदींवर. त्या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

तुमच्या आईच्या आजाराकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येकाला ‘दमा’ म्हणतात. पण विडी कधी ओढली नाही, आणि जन्म गेला चुलीपुढे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या फुंकण्यात, अशा बाईचा आजार पुष्कळदा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असतो. तंबाखू न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, त्यात चुलीच्या धुराचा मुद्दा ठळक होता. नाव बदलल्याने काय होतं? औषध बदलतं, आणि ऑक्सिजन देण्याची पद्धतही बदलते. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला २०१०मध्ये अॅम्ब्युलन्समधल्या पेशंटवर अभ्यास झाला. धाप लागलेल्या सीओपीडीच्या माणसाला भरभरून ऑक्सिजन दिला तेव्हा ९ टक्के दगावले, रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखून बेताने दिला तेव्हा ४ टक्के. सिलिंडरसाठी रांगा लागलेल्या असताना, फ्लो किती कमी केला तर चालेल हे ठाऊक असलेली सिस्टर त्याच सिलिंडरमध्ये आणखी एकाला तारून नेऊ शकते.

दुसरं, पंप. आमच्या ओपीडीत एक आजी यायच्या. रोटाहेलरच्या, म्हणजे औषधाची पूड श्वासातून ओढायच्या यंत्राच्या, कॅप्सूल नियमित संपायच्या, धाप मात्र तशीच. एकदा म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली. “गोळी हाय न बाई, मंग गियाचीच ना?” त्यांना कोणी करून दाखवलंच नव्हतं. असे पेशंट प्रत्येक सिस्टरला भेटलेले आहेत. कॅप्सूल यंत्रात फोडायची, श्वास आधी बाहेर सोडायचा (यंत्रात नाही), ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचा, दहा सेकंद धरायचा, मग चूळ भरायची. शिकवायला पाच मिनिटं पुरतात. पण हे औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही, त्याला माणूसच लागतो. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधलं पोकळ नळकांडं, लावला तर औषध घशात न अडकता छातीपर्यंत जातं, पण तो विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार यांच्या गटाने १९९९मध्ये दाखवलं, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा घरी केलेला स्पेसर दम्याच्या मुलांना बाजारातल्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. हा पेपर गरिबांच्या कामाचा नाही, असं कसं म्हणू?

आणि ‘परदेशातले अभ्यास’ म्हणता, तर आपल्याच गडचिरोलीचा ऐका. ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. मिनिटाला श्वास किती, छाती आत ओढली जाते का, एवढं बघायचं आणि को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं. ज्या दायांना मोठी मोजणी येत नव्हती, त्यांच्यासाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. मोठ्या इस्पितळातही जे सहज साधत नाही, ते करून दाखवणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या बायाही होत्या. पेपर झाला नसता तर तुमच्यामाझ्यासारख्यांनी हळहळून “बायांनी किती छान काम केलं” म्हटलं असतं, आणि गोष्ट त्या तालुक्यातच राहिली असती.

संशोधन नेहमी आपल्याला हवं तेच सांगतं असंही नाही, आणि मला त्याचा भरवसा वाटतो तो त्यामुळेच. कॅनडात २००३मध्ये सीओपीडीच्या पेशंटना घरी जाऊन शिकवलं, धाप वाढली तर काय करायचं ते लिहून दिलं, फोनवर विचारपूस ठेवली, तर या आजारामुळे दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. आम्ही सगळ्या खूश. मग २०१२मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर जवळपास तशाच योजनेचा अभ्यास मधेच थांबवावा लागला. योजनेतल्या गटात २८ मृत्यू, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात १०. कारण आजही नीट उलगडलेलं नाही. म्हणून कोणी “घरोघरी पत्रकं वाटू, धाप कमी होईल” म्हणालं, की मी आधी विचारते : बघितलंय का कुठे करून? आपल्या बायांवर? सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, जिनिंगच्या धुळीत, टीबीचा कोर्स पूर्ण होऊनही धाप न गेलेल्या माणसांवर? हे प्रश्न टोरांटोत बसून कोणी विचारणार नाही. ते इथल्या सिस्टरनेच विचारायचे आहेत, आणि त्यासाठी तिला आठवड्यातला थोडा वेळ हक्काने मिळायला हवा.

तुमची एक तक्रार मला अगदी मान्य आहे. रजिस्टरं भरून वर जातात आणि तिथून खाली काहीच येत नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’त आशाताईंनी घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजला, तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली, त्या भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता हेही विचारलेलं असतं. गावात धाप लागणाऱ्या किती, त्यातल्या चुलीवर रांधणाऱ्या किती, हे त्या कागदांतून तासाभरात निघेल. ते मोजून त्यांच्याच हातात कोणी परत देत नाही. माझा राग त्यावर आहे, पेपरवर नाही.

आणि रिकाम्या पदाबद्दल. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या गटाने युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं तपासली. २०१४चा तो अभ्यास सांगतो, की एका नर्सवर एक पेशंट वाढला, की ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो वॉर्डांचा अभ्यास आहे, उपकेंद्राचा नाही. पण “आमच्यावर अन्याय होतो” या अर्जापेक्षा “पद रिकामं ठेवलं की माणसं मरतात, हे मोजलेलं आहे” या अर्जाला साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

आईला यवतमाळ किंवा सेवाग्रामला छातीच्या ओपीडीत नेऊन फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदा करून घ्या. घरातला पंप सोबत न्या आणि सिस्टरसमोर तिला तो घ्यायला लावा. पंपाची सवय लागेल या भीतीने तो मधेच बंद करू नका. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा ती गुंगीत गेल्यासारखी वाटली, तर वाट न बघता १०८ला फोन करा. ग्रामसभेत पदाचा विषय मांडणार असाल तर ठरावाचा मसुदा मी लिहून देते. फक्त त्याआधी आशाताईंबरोबर बसून सीबॅकच्या फॉर्मांवरून धाप लागणाऱ्यांची यादी काढा. आकडा ठरावाच्या पहिल्या ओळीत घालू.