बीपीची गोळी व्यसन, आणि मशेरी मात्र निसर्ग?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: बीपीची गोळी हे लावलेलं व्यसन आहे, एकदा धरली की सुटत नाही. ती मेंदू बधिर करते. झाडपाल्याने अपाय होत नाही. आणि आपल्या आज्या मशेरी लावूनही नव्वदी गाठायच्या.

देवगड तालुक्यात माझं मेडिकल आहे. परवा एक काकी आल्या, "माका आता गोळयो नको, सवय लागता," म्हणाल्या आणि डोकेदुखीची गोळी मागू लागल्या.

आधी 'सवय' बघू. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम अडवते. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. गोळी बंद केली की काही दिवसांत दाब पूर्वीच्या जागी येतो. पावसाळ्यात पडवीला झापं बांधतो, ती सोडली की पाणी आत येतं. म्हणून पडवीला झापांचं व्यसन लागलं असं कोणी म्हणत नाही. व्यसनात तलफ असते, मात्रा वाढत जाते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. अ‍ॅम्लोडिपिनसाठी घरात भांडण काढलेला माणूस मला अजून भेटायचाय.

यात खरं एवढंच, की काही गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारख्या बीपीच्या गोळ्या हृदयावरचा, ताणात शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा रोखतात. शरीर त्याला जुळवून घेतं आणि त्या अचानक थांबवल्या तर तोच मारा जास्त जोरात जाणवतो. धडधड होते, छातीत दुखतं, ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला झटकाही येऊ शकतो. म्हणजे फॉरवर्ड वाचून गोळ्या थांबवणाऱ्यालाच जास्त धोका.

सवय लावणारी औषधं आहेतच, पण फॉरवर्डात त्यांचं नाव नाही. झोपेसाठी शेजारणीकडून मागून घेतात ती अल्प्राझोलाम. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर ती वाढवते, आणि काही आठवड्यांतच मेंदू तिच्यावर विसंबू लागतो. शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली असल्याने आम्हाला तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय दिली नाही की गिऱ्हाईक रुसतं, रुसू दे.

झाडपाला निर्धोक? कुंपणाची कण्हेर झाडच आहे. तिच्यातली द्रव्यं हृदयाचे ठोके बिघडवतात, जीवही घेतात. आणि सर्पगंधा तर बीपीचंच औषध. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचे रुग्णांवरचे अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले; १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते मेंदूत निरोप नेणाऱ्या रसायनांचे, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं. दाब उतरतो, पण नाक चोंदतं, आणि जास्त मात्रेत माणूस उदास होत जातो. मेंदू मंदावणारं बीपीचं औषध हवंच असेल तर ते हे, झाडाच्या मुळातून आलेलं.

आता मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका, मग कुटून डबीत. बोटाने हिरडीला लावली की निकोटिन तोंडाच्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. मेंदूत डोपामिन सुटतं, म्हणून "लावल्याशिवाय डोकं चालत नाही". त्याच वेळी अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, नाडी पळते, वाहिन्या आवळतात, दाब चढतो. गोळी सैल करते ते मशेरी आवळते. तोंडाचा कॅन्सर वेगळाच. नव्वदी गाठलेल्या आजीचा फोटो फॉरवर्ड होतो. साठीत गेलेल्यांचा कोण पाठवणार?

काकींना बसवून बीपी मोजलं, १७८/१०४, चांगलंच चढलेलं. मग खरं कारण निघालं. चप्पल घट्ट होत होती, पाय सुजत होते. तो अ‍ॅम्लोडिपिनचा माहीत असलेला त्रास आहे, डॉक्टर गोळी बदलून देतात. चिठ्ठीवर तेवढं लिहून त्यांना दवाखान्यात धाडलं. उठताना त्यांनी कनवटीची डबी चाचपली.