खांब काढणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड नव्हे

भूमिगत कोळसा खाणींबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: छत तोलणारे कोळशाचे खांब काढणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं, छत कोसळलं की तो अपघातच, फार तर निम्मा खांब काढावा, निम्मा ठेवावा, आणि खांबांना हातच लावला नाही तर खाण आणि वरची जमीन कायमची सुरक्षित. लिहिणाऱ्याला कामगारांची काळजी आहे हे दिसतं. पण यातले शेवटचे दोन सल्ले कुणी मनावर घेतले, तर त्याच कामगारांच्या जिवावर बेतेल.

आधी फांदीचं बघू. खांब काढण्याचं काम पॅनेलच्या, म्हणजे खाणीतल्या कामासाठी आखलेल्या एका भागाच्या, अगदी टोकाला सुरू होतं आणि बाहेरच्या वाटेकडे मागे सरकत येतं. माणसाच्या पाठीशी नेहमी अख्खे खांब असतात, समोर रिकामी झालेली जागा, म्हणजे गोफ. एकेक खांब मधून चिरायचा, उरलेल्या भागाच्या फाका काढायच्या, गोफच्या बाजूला पातळ भिंत ठेवायची. काढणीची रेषा तिरकी ठेवतात, म्हणजे एखादा खांब एकटाच गोफमध्ये घुसल्यासारखा उरत नाही आणि सगळा भार त्याच्यावर येत नाही. कंटिन्युअस मायनर, म्हणजे कोळसा सलग कापत जाणारं यंत्र, असेल तर खांब चिरतही नाहीत. गॅलरीतूनच, म्हणजे खांबांमधल्या वाटेतूनच, डावीकडे-उजवीकडे तिरके घास घेतात आणि चालवणारा बोल्ट मारलेल्या छताखाली रिमोट घेऊन उभा असतो. फांदी तुटतेच, पण तिच्यावर कुणी बसलेलं नसतं.

आता छताचं. सामान्य वाचकाला हे उलटं वाटेल, पण रिकाम्या जागेत वाळू वगैरेची भराई न करता खांब काढले तर गोफमधलं छत पडायलाच हवं. पडलेला दगड फुगून जागा व्यापतो, वरच्या थरांना टेकू मिळतो आणि पुढच्या खांबांवरचा भार हलका होतो. खरी भीती असते ती न पडणाऱ्या छताची. वालुकाश्माचा जाड थर असेल तर तो गोफवर लांबवर अधांतरी लटकत राहतो, त्याचं वजन काम चालू असलेल्या खांबांवर येतं, आणि एका दमात कोसळला तर गोफमधली हवा गॅलऱ्यांतून अशी सुसाटते की माणसं फेकली जातात. म्हणून छत लटकलंय असं दिसलं की भोकं पाडून, सुरुंग लावून ते मुद्दाम पाडतात. गोफच्या तोंडाशी टेक्यांची दाट रांग असते, तिला ब्रेकर लाइन म्हणतात. छताची मोड त्या रेषेवरच व्हावी, आत शिरू नये, हे तिचं काम. लाकडी टेका मोडण्याआधी करकरतो, आणि तो आवाज ऐकून माणसं बाहेर निघतात. छत काठीनं ठोकून बघण्याची रीतही तशीच. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला भद्द वाजतो.

याचा अर्थ काम सुरक्षित आहे असा नाही. अमेरिकेत भूमिगत कोळशाचा अगदी थोडा भाग या पद्धतीनं निघत असताना छत कोसळून होणाऱ्या मृत्यूंतला तिचा वाटा त्या मानानं फारच मोठा होता. मजकुरातली भीती खरी आहे. चूक आहे ती तिच्यावर सुचवलेल्या उपायात.

‘निम्मा काढा, निम्मा ठेवा’ हा सल्ला ऐकायला समजूतदार वाटतो. पण खांब नुसते उभे असणं पुरत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रूक कोळसा खाणीत 21 जानेवारी 1960 ला शेकडो खांब एकापाठोपाठ चिरडले गेले आणि 400 हून अधिक माणसं आतच मेली. ते खांब काढायला घेतलेले नव्हते, ते उभेच होते. फक्त छताकडचा कोळसा काढून गॅलऱ्या उंच केल्या होत्या, म्हणजे खांबही उंच आणि सडसडीत झाले होते. त्यानंतर सॅलॅमन आणि मन्रो या संशोधकांनी तिथल्या टिकलेल्या आणि कोसळलेल्या मिळून 125 ठिकाणांच्या नोंदींवरून 1967 मध्ये खांबाच्या ताकदीचं सूत्र मांडलं. खांब रुंद तितका बळकट, उंच तितका दुबळा.

त्या सूत्रानं हिशोब करून बघा. खोली 200 मीटर, खांब 20 मीटर चौरस, गॅलरी 5 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. खांबावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 80 किलो भार येतो आणि त्याची ताकद सुमारे 140 किलो भरते. ठीक आहे. आता त्याच खांबातून मधोमध दोन्ही दिशांना 5 मीटरची वाट काढा. साडेसात मीटरचे चार तुकडे उरतात. निम्म्याहून जास्त कोळसा अजून जागेवर आहे, पण भार 140 वर गेला आणि ताकद 90 वर आली. असे सडसडीत तुकडे हळूहळू खचत नाहीत. एक फुटला की त्याचा भार शेजारच्यावर, मग त्याच्या शेजारच्यावर. अंशतः काढणी करता येते, पण उरणारा भाग आधी मोजून ठरवावा लागतो. अंदाजानं निम्मा ठेवणं सर्वांत वाईट: छत पडतही नाही आणि पेललंही जात नाही.

‘हात न लावता सोडलेले खांब कायम टिकतात’ हेही खरं नाही. बाजू झडतात, पाणी शिरतं, खालची माती मऊ पडते आणि खाण बंद होऊन अनेक दशकं लोटल्यावर वर खड्डा पडतो, तोही नेमका कधी ते न सांगता. वस्ती, नदी किंवा रेल्वे वर असेल तर वाळू किंवा राखेची भराई करत खांब काढता येतात. महाग पडतं, पाणी फार लागतं, पण जमीन खूपच कमी खचते.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराची पूर्ण मान्य: काही खांबांना हात लावायचाच नसतो. अमेरिकेतल्या युटामधल्या क्रॅन्डल कॅन्यन खाणीत आजूबाजूचा कोळसा आधीच निघाला होता आणि मध्ये राखलेल्या जाड पट्ट्यातले खांब काढले जात होते, तेही खूप खोलवर. 6 ऑगस्ट 2007 ला ते फुटले आणि सहा जण अडकले. हादरा 3.9 तीव्रतेचा होता. खाणीच्या मालकांनी तो भूकंप म्हटला. चौकशीत निघालं की तो हादरा खांब कोसळल्याचाच होता. 16 ऑगस्टला शोध घेताना गॅलरीची बाजू फुटून बचावपथकातले आणखी तीन जण गेले. त्या सहा जणांचे देह अजून आतच आहेत.