कानाचं मशीन मिळालं, पण ते वर्गशिक्षकाला कोण शिकवणार?

समावेशित शिक्षणावर, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्यावर, बैठक असली की पहिली चौकशी होते ती साहित्य वाटपाची. श्रवणयंत्रं किती दिली, व्हीलचेअर किती, ब्रेल किट किती. हे वाटप मोलाचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीचं साहित्य फुकट मिळतं म्हणूनच ते वाडीवस्तीवरच्या पोरांपर्यंत पोचतं. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारं घर कानाचं मशीन विकत कुठून घेणार? पण वाटप झाल्यानंतर त्या यंत्राचं वर्गात काय होतं, हे कुणी विचारायला येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. वर्गशिक्षकाला ते यंत्र हाताळायला शिकवल्याशिवाय वाटप पूर्ण झालं असं कागदावर लिहूच नये.

माझ्या तिसरीच्या वर्गात दोन्ही कानांना मशीन असलेली एक मुलगी आहे. मध्यंतरी तिचं मशीन सारखं शिट्टी मारायला लागलं. पोरं मागे वळून बघायची, मग ती मशीन काढून दप्तरात टाकायची. घरचे म्हणाले, मशीन बिघडलं. मशीन ठणठणीत होतं. मूल वाढतं तसा कानही वाढतो, कानात बसवलेला साचा सैल होतो, फटीतून आवाज बाहेर येऊन परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. नवा साचा करून घेतला की प्रश्न मिटला. हे मला आमच्या गटाच्या विशेष शिक्षिकेने, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेतलेल्या मॅडमनी, सांगितलं. कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं.

त्याच भेटीत मॅडमनी सेलचंही दाखवलं. कानामागच्या मशीनचे ते छोटे सेल हवेवर चालतात. वरचं स्टिकर काढलं की सेल सुरू झाला, मग मशीन वापरा किंवा ठेवून द्या, तो उतरणारच. म्हणून सगळ्या सेलचे स्टिकर एकदम काढायचे नाहीत, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवायचा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आणि सकाळची तपासणी: कागदाने आपलं तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि मुलीने ते तसेच म्हणून दाखवायचे. जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा त्यात येतो. ‘स’ ऐकू आला नाही तर त्या दिवशी ‘सात’ आणि ‘आठ’ तिच्यासाठी सारखेच. परिपाठाआधी दोन मिनिटांत हे होतं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं, कारण मशीन असलं तरी ही मुलं ओठ वाचत असतात.

आता आमची प्रशिक्षणं बघा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते सगळे आम्हाला स्लाइडवर दाखवतात. ते कळायलाच हवेत, नोंदी करताना उपयोग होतो. पण टेबलावर एकही मशीन नसतं, ब्रेलची पाटी नसते. २०२० पासून केंद्राचं ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण ‘दीक्षा’ या ऑनलाइन पोर्टलवर आलं, म्हणजे व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. व्हिडिओ बघून सेल बदलता येईलही, पण शिट्टी का वाजते हे त्या मुलीच्या कानाशी बसूनच कळतं.

आणि कानाशी बसणारं माणूस कोण? विशेष शिक्षक. वर्षानुवर्षं ही माणसं कंत्राटावर आहेत, मानधन उशिरा, एकेकाकडे ढीगभर शाळा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मागे एक विशेष शिक्षक असावा असं ठरवून दिलं. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून भरायला पुन्हा सांगावं लागलं. यंत्रखरेदीइतकी तातडी या भरतीला का नाही, याचा मला मनापासून राग येतो.

एक गोष्ट मात्र फुकट आहे, ती सगळ्यांनीच करा. हायस्कूलमधल्या दृष्टिहीन मुलांकडे आता मोबाइल असतो, त्यात टॉकबॅक असतं, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारी सोय, ते मराठीही वाचून दाखवतं. पण सर नोट्स पाठवतात कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या, नाहीतर वहीचा फोटो. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, फोन तीच बडबडतो. फोटोत तर बऱ्याचदा नुसतं ‘इमेज’ म्हणून गप्प. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर, टाइप केलेलं साधं व्हॉट्सअ‍ॅप त्या मुलाला पूर्ण वाचता येतं.

आमच्या केंद्रप्रमुखांकडे मी मागणी दिली आहे: पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक तास विशेष शिक्षिकेला द्या, आणि ज्यांच्या वर्गात असं मूल आहे त्यांनी त्या मुलाचं साहित्य पालकांना सांगून सोबत आणावं. अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये तालुका लिहा, पाठवते.