बिहेवियर म्हणे!

आज फर्मागुडीहून येताना बसच्या सरकत्या काचेत आमच्या बाबूचं बोट चेमटलं. तो हसला. चांगला खदाखदा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या मुलांना दुखत नसतं ना? बरंय बाई." बरंय? काय बरंय त्यात?

ऑटिझम असलेल्या मुलांना दुखत नाही, हे खूळ कुठून निघालं देव जाणे. दुखतं हो. रडण्यात, "आई गं" म्हणण्यात ते दिसेलच असं नाही, एवढंच. काहींना नेमकं कुठे दुखतंय तेच उमगत नाही. कुणी गप्प बसतं, कुणी स्वतःलाच चावतं. माझा हसतो.

गेल्या गणेश चवथीच्या आधी बाबू पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, खाईना, नुसती पेज प्यायचा. रात्रभर जागा, आणि डोक्याची उजवी बाजू भिंतीवर आपटायचा. थेरपीवाले म्हणाले, लक्ष वेधून घेतोय, दुर्लक्ष करा. शाळा म्हणाली, बिहेवियर वाढलंय. एका डॉक्टरांनी तर शांत राहायचं औषध लिहून दिलं. कानात बघितलं कुणी? शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी कान बघायची बॅटरी आधी त्याच्या हातात खेळायला दिली, मग कान पाहिला. आत पू!

मान्य, ओपीडीत रांग असते आणि मूल हात लावू देत नाही. पण उजवीच बाजू का आपटतो, एवढं तरी विचारा की.

आणि किती दुखतंय ते विचारायला ते हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचं चित्र त्याच्यासमोर नाचवू नका. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी 'फ्लॅक' नावाची दुखण्याची मोजणी आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं. तिच्या सुधारित रूपात आईबापांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणाही धरतात. म्हणजे "हा हसतोय म्हणजे लागलंय" असं मी सांगते, तेव्हा मला वेड लागलेलं नसतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो, तिथे मी नाचूनही आलेय. छानच आहे ते सगळं. पण कान बघायला कायदा कशाला लागतो?

बसमधल्या बाईंवर आता राग नाही. बोटावर ओतायला पिशवीतलं गार पाणी त्यांनीच काढून दिलं.

असो. कालपासून पुन्हा पोई नको झालीय, गाल दाबून धरतो. कान दाखवला, साफ आहे. दाढ असावी. फोंड्यात किंवा म्हापशात घाई न करणारा दातांचा डॉक्टर कुणाला ठाऊक असेल तर मेसेज करा. सकाळची वेळ मिळाली तर उत्तम, दुपारनंतर तो कुणाचं ऐकत नाही.