"अपंग असाल तर बेडरूम टॅक्स माफ": या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

गेले काही महिने इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुप्समध्ये एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. म्हणणं थोडक्यात असं: कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्या अपंगांना बेडरूम टॅक्स लागत नाही, पीआयपीचं (अपंगत्वासाठी मिळणाऱ्या सरकारी बेनिफिटचं) लेटर दाखवलं की कट आपोआप बंद होतो, मशीन आणि व्हीलचेअरची खोली मोजतच नाहीत, नवरा-बायकोला मात्र कायम एकच बेडरूम, आणि परवडत नसेल तर छोटं घर मागा, लगेच मिळतं.

मी आठवड्यातून एक दिवस बेनिफिटचे फॉर्म भरायला लोकांना मदत करते, म्हणून हे मनापासून लिहितेय. या मेसेजवर विश्वास ठेवून लोक गप्प बसतात आणि भाड्याची थकबाकी वाढत जाते.

आधी मूळ नियम काय ते. लोक टॅक्स म्हणतात, पण हा टॅक्स नाहीच, प्रत्यक्षात ही भाड्याच्या सरकारी मदतीतली कपात आहे. 2012 च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्यातून ती आली आणि 1 एप्रिल 2013 पासून लागू झाली. सोशल हाउसिंगमधल्या, पेन्शनच्या वयाखालच्या भाडेकरूंकडे नियमापेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर भाड्याचे 14 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 25 टक्के मदतीतून कमी होतात, मग ते हाउसिंग बेनिफिट असो नाहीतर युनिव्हर्सल क्रेडिट. म्हणजे आठवड्याला 110 पौंड भाडं असेल तर एक खोली जास्त असल्यास 15 पौंड 40 पेन्स, वर्षाला साधारण 800 पौंड. ज्याचं घर बेनिफिटवर चालतं त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे हिवाळ्यातलं हीटिंग.

आता पहिला दावा, अपंगांना माफ. नाही. अशी सरसकट सूट कधीच नव्हती. हा नियम आणताना सरकारचाच अंदाज होता की साधारण 6 लाख 60 हजार कुटुंबांना फटका बसेल आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश घरं अशी की जिथे कोणीतरी अपंग आहे. माफी असती तर हा आकडा आलाच नसता ना! कायदा तुम्ही अपंग आहात का एवढंच बघत नाही, त्या अपंगत्वामुळे कोणाला कोणाबरोबर एका खोलीत झोपता येत नाही, आणि रात्री बाहेरून कोणी केअरर येऊन थांबतो का, हे बघतो. सगळा खेळ या दोन प्रश्नांवर आहे.

पीआयपीचं लेटर दाखवलं की झालं, हे अर्धं खरं, आणि अर्धं खरं जास्त घातक असतं. बेनिफिट बहुतेक वेळा लागतो, पण योग्य भाग लागतो, पीआयपीचा डेली लिव्हिंग (रोजच्या कामांसाठीचा भाग) किंवा डीएलए या दुसऱ्या अपंगत्व बेनिफिटच्या केअरचा मिडल किंवा हायेस्ट रेट. नुसती मोबिलिटी (चालण्या-फिरण्यासाठीचा भाग) असेल तर त्याने हे काम होत नाही. आणि योग्य भाग असला तरी पुढे गरज सांगावी लागते, आपोआप काही होत नाही. रात्रीचा केअरर असेल तर तो घरात राहणारा नसावा आणि नियमित येत असावा, रोज रात्री यायलाच हवा असं मात्र नाही. मुलांच्या बाबतीतही तसंच, अपंगत्वामुळे एखादं मूल भावंडाबरोबर एका खोलीत झोपू शकत नसेल तर त्याला वेगळी खोली मिळू शकते, हा बदल डिसेंबर 2013 मध्ये नियमात आला. पण आईबापांनी सांगितलंच नाही तर कौन्सिलला कसं कळणार?

नवरा-बायकोला कायम एकच बेडरूम, या दाव्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे मेसेज उलट्या बाजूने चुकलाय आणि लोकांचा हक्क बुडतोय. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, काकांना स्ट्रोक झाला, घरात हॉस्पिटलचा बेड आला, कठड्यांचा, खाली हवेच्या गादीचा पंप रात्रभर घरघरत असतो, त्या खोलीत दुसरा पलंग बसत नाही आणि बसला तरी झोप लागणार नाही, म्हणून काकू दुसऱ्या खोलीत झोपतात. दोघंही पेन्शनच्या वयाखालचे. कट लागला, त्यांनी कित्येक महिने मुकाट्याने भरला. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, जोडप्याला एकच खोली असते ना, मेसेजमध्येच लिहिलंय, नियम म्हणजे नियम." असं नाहीये काकू.

2013 ते 2017 तो नियम खरंच तसा होता. मग स्पायना बिफिडा असलेल्या एका बाईची केस सुप्रीम कोर्टात गेली, तिला खास बेड लागायचा आणि नवऱ्याला त्याच खोलीत झोपणं शक्य नव्हतं. त्याच सुनावणीत वेल्समधले एक आजी-आजोबा होते, गंभीर अपंगत्व असलेल्या नातवाला सांभाळणारे, त्याच्यासाठी रात्री केअरर यायचे. 9 नोव्हेंबर 2016 ला दोन्ही कुटुंबं जिंकली. कोर्टाचा मुद्दा साधा होता: अपंग मोठ्या माणसाच्या केअररला खोली देता, मग मुलाच्या केअररला का नाही? एकत्र झोपू न शकणाऱ्या मुलांना वेगळी खोली देता, मग जोडप्याला का नाही? त्यानंतर 1 एप्रिल 2017 पासून नियम बदलला. अपंगत्वामुळे एका खोलीत झोपणं शक्य नसेल आणि वर सांगितलेला बेनिफिट मिळत असेल तर जोडप्यालाही जास्तीची खोली मान्य होते. मधल्या वर्षांचं काय, तर नोव्हेंबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की जो नियम मानवी हक्क मोडतो तो त्या काळासाठीही लावता येत नाही.

मशीनची खोली मोजत नाहीत, हे चूक. हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र), व्हीलचेअर, ऑक्सिजन, औषधांचे बॉक्स ठेवायला खोली हवी हे कितीही खरं असलं तरी त्यासाठी नियमात वेगळी सूट नाही, 2016 च्या त्याच निकालात काही जण असेच हरले कारण जास्तीच्या बेडरूमची वैद्यकीय गरज उघड दिसत नाही असं कोर्टाला वाटलं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, पण आज कायदा हाच आहे. इथे उरतो तो कौन्सिलचा मदतीचा फंड, डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट नावाने लोकांना माहीत असलेला. फंडाची नावं बदलत असतात म्हणून आधी कौन्सिलला विचारा, आणि ती मदत ठरावीक काळापुरती असते, हक्काची नसते. स्कॉटलंडमध्ये सरकार या कपातीची भरपाई करतं, उत्तर आयर्लंडमध्येही सोय आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तसं नाही. हां, खोली फारच लहान किंवा विचित्र आकाराची असेल तर ती बेडरूम आहे का यावरच वाद घालता येतो, कारण नियमात बेडरूमची व्याख्याच नाही, ट्रिब्युनल (अपील ऐकणारं न्यायाधिकरण) आकार, उजेड, हवा, प्रायव्हसी असं सगळं बघतं.

छोटं घर मागा, लगेच मिळतं, हे ज्याने लिहिलं त्याने कधी वेटिंग लिस्ट बघितलेली नसावी. एक बेडरूमची घरं मुळातच कमी, त्यात व्हीलचेअर जाईल अशी अजून कमी. आणि ज्या घरात रॅम्प, वेट रूम, रुंद दरवाजे सरकारी पैशातून झालेत (इंग्लंडमध्ये डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट 30 हजार पौंडापर्यंत मिळते) ते सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे तोच खर्च परत.

शेवटी तारखेचं, कारण मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही. निर्णयाविरुद्ध दाद मागायला लेटरवरच्या तारखेपासून साधारण एक महिना असतो. हाउसिंग बेनिफिट असेल तर कौन्सिलकडे फेरविचार किंवा सरळ अपील मागायचं, युनिव्हर्सल क्रेडिट असेल तर आधी मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन (म्हणजे सक्तीचा फेरविचार) आणि मग ट्रिब्युनल. उशीर झाला तरी कारण देऊन मागता येतं, 13 महिन्यांपर्यंत. अर्जात आजाराचं नाव लिहून थांबू नका, रात्र कशी जाते ते लिहा, कितीदा उठावं लागतं, मशीनचा आवाज, बेडची मापं, खोलीत दुसरा बेड का मावत नाही, आणि जीपी किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पत्र जोडा. काकूंच्या अर्जासाठी आम्ही रविवारी टेप घेऊन खोली मोजली, काका बेडवरून आकडे सांगत होते आणि मी लिहून घेत होते. अर्ज सोमवारी गेलाय.